सोनसळीचा पिवळा

या महिन्यात वहिनीने ‘सोनसळी’च्या नव्या अंकाच्या दोन प्रती घेतल्या. एक हातात धरली आणि दुसरी पिशवीत डब्याखाली सरकवली. कॉमिक्सच्या दुकानातल्या काकांनी ते पाहिलं, पण गिऱ्हाइकाला कारण विचारण्याची त्यांना सवय नव्हती.

“एक भेट द्यायची आहे,” वहिनी न विचारताच म्हणाली.

“द्या की,” काका म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. हातातली प्रत घरी नेली की ती तिच्या हातात राहायची नाही. चपला काढेपर्यंत भिंगरी ती पळवायची, सोफ्यावर आडवी व्हायची आणि पानं उलटता उलटता मोठ्याने शेरे मारायची. वहिनीच्या हाती अंक यायचा तेव्हा त्यातले सगळे धक्के आधीच कानावर पडलेले असायचे. म्हणून या वेळी एक प्रत घरासाठी आणि एक फक्त स्वतःसाठी.

घरात तिला वहिनी म्हणणारं माणूस खरं तर एकच होतं, तिची नणंद. पण या नणंदेच्या हाका इतक्या सतत चालायच्या की नवराही कधीकधी चुकून ‘वहिनी, चहा घेतेस का?’ म्हणून जायचा आणि मग तिघंही हसायची. म्हणजे दोघं हसायची आणि वहिनी हसल्यासारखं करायची. नणंदेचं नाव भिंगरी पडलं होतं ते तिचा पाय लहानपणापासून एका जागी ठरत नसल्यामुळे. या शहरात नोकरी लागली तशी ती ‘खोली मिळेपर्यंत’ म्हणून दादाकडे राहायला आली आणि मग खोली शोधायचं सगळेच विसरले. एका फ्रिजच्या कंपनीत ती फोनवर तक्रारी घ्यायची. दिवसभर परक्या लोकांच्या वितळलेल्या आइस्क्रीमचं सांत्वन करून आली तरी संध्याकाळी तिच्या अंगात बोलायची ताकद शिल्लक असायची.

वहिनीचं काम बोलायचं नव्हतं. ती रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होती. एका वेळी तयार झालेल्या प्रत्येक घाण्यातला थोडा रंग पत्र्याच्या पट्टीवर ओढायचा, पट्टी वाळली की ती मूळ नमुन्याशेजारी दिव्याच्या पेटीत ठेवायची, आणि दोन्हींत फरक आहे का ते आधी डोळ्याने आणि मग यंत्राने पाहायचं. बहुतेक वेळा यंत्र तेच सांगायचं जे तिच्या डोळ्याने आधीच सांगितलेलं असायचं. या डोळ्याचा तिला अभिमान होता, पण तो तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा कॉमिक्सची खोकी जास्त होती. सगळी उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या, मुखवटे घालणाऱ्या नायक-नायिकांची. सासूबाईंना आधी वाटलं की सूनबाईंची अभ्यासाची पुस्तकं आहेत. नवऱ्याने एकदोन अंक चाळून पाहिले आणि प्रेमाने परत ठेवून दिले. या छंदात ती घरात एकटी होती, आणि एकटी होती तोवर सुखात होती.

भिंगरीला ती खोकी उघडून दिली होती ती तिनेच. पहिल्या आठवड्यात पोरीला करमत नव्हतं, संध्याकाळी खिडकीत उदास बसायची. “हे वाचून बघ,” म्हणून वहिनीनेच ‘सोनसळी’चा पहिला अंक तिच्या मांडीवर ठेवला होता. आता ते आठवलं की वहिनीला स्वतःच्या हाताचा राग यायचा.

त्याचं कारण दुकानातली कार्डं. काकांची एक पद्धत होती. मांडणीत नवा अंक लागला की त्याच्याखाली पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एखाद्या वाचकाचं मत टाचायचं. येणारं गिऱ्हाईक आधी कार्ड वाचायचं आणि मग अंकाला हात लावायचं. कित्येक वर्षं यातली बहुतेक कार्डं वहिनीच्या बारीक, सरळ अक्षरातली असायची. मागच्याच महिन्यात तिने ‘पारा’ या मालिकेबद्दल लिहिलं होतं: ‘नायक वितळून दाराच्या फटीतून आत जातो, पण त्याचा पट्टा आणि बूटही आत जातात. पहिल्या अंकात फक्त शरीर वितळतं असं स्पष्ट म्हटलं आहे. लेखक बदलला तरी नियम बदलू नयेत. चित्रं मात्र उत्तम, विशेषतः ओल्या फरशीवरचं प्रतिबिंब.’

त्याच अंकाखाली काकांनी दुसरं कार्ड लावलं होतं, भिंगरीचं: ‘या अंकात पारा चार वेळा बेशुद्ध पडतो. इतक्यांदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा पडत नाही. खलनायकाने फक्त वाट बघितली असती तरी जिंकला असता. तरी घ्या, शेवटची मारामारी झकास आहे.’

वहिनीचं कार्ड वाचून लोक मान डोलवायचे आणि भिंगरीचं वाचून हसायचे. मान डोलवणारा माणूस अंक परत मांडणीत ठेवतो, हसणारा तो घेऊन जातो, हे काकांच्या ध्यानात आलं असावं. कारण हळूहळू भिंगरीचं कार्ड वर गेलं, डोळ्यांच्या उंचीवर, आणि वहिनीचं खाली आलं. तिचं कार्ड वाचायचं तर आता कमरेत वाकावं लागायचं.

तिला सगळ्यात जास्त काही लागलं असेल तर ते घरातलं. भिंगरी जेवताना आपलं कार्ड पाठ म्हणून दाखवायची आणि दादा ठसका लागेपर्यंत हसायचा. इतक्या वर्षांत वहिनीच्या एकाही कार्डावर त्याचा घास अडला नव्हता. “तुझं पण छान असतं गं,” तो म्हणायचा. त्या ‘पण’नंतर ती ताटं उचलायला उठायची.

अशात प्रकाशकाकडून दुकानात पत्रक आलं. ‘सोनसळी’चा पंचाहत्तरावा अंक मोठा निघणार होता आणि मागच्या कव्हरच्या आतलं पूर्ण पान एका वाचकाच्या मताला द्यायचं ठरलं होतं. त्यासाठी चौऱ्याहत्तराव्या अंकावरचं एकच कार्ड प्रत्येक दुकानाने पाठवायचं. शनिवारपर्यंत.

“आता तुम्ही दोघी बघा बुवा,” काका म्हणाले होते. “मला एकाच घरात भांडण लावायचं नाही.”

“भांडण कसलं,” वहिनी म्हणाली होती. आणि पुढच्याच वेळी तिने दोन प्रती घेतल्या होत्या.

पिशवीतली प्रत तिने दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत काढली. सकाळ वाईट गेली होती. फाटकांना लावायच्या हिरव्या रंगाचा एक अख्खा घाणा तिला परत पाठवावा लागला होता, पिवळा कमी पडला म्हणून. खालून माणसं वर येऊन वाद घालून गेली होती. “बाई, हिरवा तो हिरवाच दिसतोय की.” वहिनीने दोन पट्ट्या शेजारी ठेवून दाखवल्या, तेव्हा कुठे ती मुकाट्याने गेली. आता प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिने डबा बाजूला सारला, हात पुसले आणि अंक उघडला.

सोनसळी म्हणजे एक साधी पुस्तकं बांधणारी मुलगी. दिवसाचा उजेड ती तळव्यांत साठवू शकते. अंगात लाल पोशाख, खांद्यावर पिवळीधमक शाल. या अंकात तिची गाठ निर्वाताशी होती, जो जिथे जाईल तिथली हवा, आवाज, ऊब सगळं शोषून घेतो. पूल कोसळत असतो, पुलावर माणसं असतात, आणि सोनसळी तळव्यांतला होता नव्हता तो सगळा उजेड पुलाखाली ओतून देते. पूल तरतो. तिचे हात रिकामे होतात आणि दंडावर जखम राहते.

वहिनीने पान उलटलं आणि अंक डोळ्यांजवळ आणला.

पुढच्या पानावर पिवळा नव्हताच. शाल पांढरी पडली होती. पोशाखाचा लाल रंग गुलाबी झाला होता, झाडं निळी, माणसांचे चेहरे हिवाळ्यात बाहेर उभं राहिल्यासारखे. पुढचं पान तसंच आणि त्याच्या पुढचंही. सोनसळी आपल्याच शहरातून परक्यासारखी चालत होती आणि पिवळा जगातून गेला होता. मग शेवटच्या काही पानांवर, एक म्हातारी तिला ओळखून दिवा लावते तिथे, तो परत आला.

वहिनीने अंक दिव्याच्या पेटीत धरला. दिवसाच्या उजेडाचा दिवा, मग घरातल्या बल्बचा. तिची खात्रीच पटली. रंगवणाऱ्याने मुद्दाम एक शाई काढून घेतली होती! शब्द एकही न वापरता सांगितलं होतं की हिचा उजेड गेला म्हणजे काय गेलं. आणि हे कुणाला दिसेल? अंक सोफ्यावर आडवं पडून वाचणाऱ्याला तर नक्कीच नाही. हे दिसायला डोळा लागतो.

तिने कार्ड तिथेच लिहिलं. एरवी ती चार ओळींत आटपायची, आज पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू भरल्या. पहिलं वाक्य होतं: ‘या अंकाच्या मधल्या पानांतून पिवळा काढून घेतला आहे, आणि हे मी पाहिलेलं सगळ्यात धीट काम आहे.’

संध्याकाळी काकांनी ते उभ्यानेच वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“ताई,” ते म्हणाले, “असं तुम्ही आधी कधी लिहिलं नव्हतं.” आणि त्यांनी ते कार्ड वर टाचलं, डोळ्यांच्या उंचीवर. “हेच पाठवतो.”

घरी जाताना वहिनीच्या पायाखालचा रस्ता कसा सरला ते तिला कळलं नाही. दारातून आत आली तर भिंगरी नेहमीसारखी सोफ्यावर, घरच्या प्रतीत डोकं खुपसून.

“कसा आहे?” वहिनीने पिशवी ठेवत सहज विचारलं.

“बरा आहे. रडारड जास्त.”

“आणि रंग?”

“रंग?” भिंगरीने मान वर केली. “आहेत की रंग. कॉमिक आहे ना, रंग असणारच.”

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडे तोंड करून एकटीच हसली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या रात्री भिंगरीने जेवताना काय विनोद केले ते तिने ऐकले आणि एकाचाही तिला त्रास झाला नाही. दादा हसला तेव्हा तीही हसली, अगदी खरं हसली.

हे सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी भिंगरी ऑफिसातून दुकानावरून आली. आल्या आल्या चपलांसकट कपाटाकडे गेली, घरची प्रत काढली आणि टेबलावर उघडली. नवरा पलीकडे बसून टेबलफॅनचा स्क्रू पिळत होता.

“वहिनी, जरा इकडे ये. काकांनी तुझं कार्ड लावलंय ते वाचलं. बाप रे, काय लिहिलंयस! पण मला एक सांग, पिवळा कुठे गेलाय?”

“दिसत नाही का?” वहिनी हात पुसत आली. हा क्षण तिने मनात बऱ्याचदा घोळवला होता.

“दिसतोय ना. तोच तर दिसतोय.”

वहिनीने खाली पाहिलं. पुलानंतरचं पान होतं. सोनसळीच्या खांद्यावर शाल पिवळीधमक होती. झाडं हिरवी, पोशाख लाल. पान पुढे, अजून पुढे. पिवळा जिथे तिथे होता, त्या दिवशीच्या फाटकाच्या रंगात असायला हवा होता तितका, नेमका, भरपूर.

तिला एका क्षणात सगळं कळलं. जे कळायला प्रयोगशाळेतल्या शिकाऊ मुलीलाही एक क्षण पुरला असता. कागदाचा एक मोठा ताव छापताना पिवळी शाई लागायचीच राहिली होती. तो ताव दुमडून जी पानं होतात ती सगळी बिनपिवळ्याची. ती पानं पुलानंतर लगेच सुरू होत होती हा योगायोग. त्या दिवशी सकाळी तिने याच कारणासाठी अख्खा घाणा परत पाठवला होता, आणि दुपारी त्याच डोळ्यांनी त्याला धीट काम म्हटलं होतं.

“तू कुठली प्रत वाचलीस?” भिंगरीने विचारलं. टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता. म्हणूनच त्याला उत्तर देणं जड गेलं.

वहिनी आत गेली, स्वेटरांच्या खालून आपली प्रत काढून आणली आणि टेबलावर ठेवली.

नवऱ्याचा स्क्रू पिळणारा हात थांबला. “घरात दोन आहेत?”

दोन प्रती कशासाठी, हे त्या खोलीत न विचारता तिघांनाही समजलं. नवरा पुन्हा स्क्रूकडे वळला आणि आधीच घट्ट बसलेला स्क्रू पिळत राहिला. तो हसला असता तर वहिनीला एक वेळ चाललं असतं.

भिंगरीने मात्र ती प्रत ओढली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. वाचता वाचता बसली. बराच वेळ तिच्या तोंडून एकही शेरा आला नाही, आणि या घरात तसं कधी झालं नव्हतं.

“अगं वहिनी,” शेवटी ती म्हणाली, “हे तर भन्नाटच आहे. आपली बरोबरवाली प्रत याच्यापुढे काहीच नाही. मी यात रडले असते.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही गं! असं कर, हेच लिही ना. की तुझ्या प्रतीत चूक होती आणि ती चूकच जास्त चांगली आहे. काका तेच पाठवतील.”

“म्हणजे सगळ्या देशाला कळू दे, की रंग तपासणाऱ्या बाईला छपाईतली चूक ओळखता आली नाही.”

“त्यात काय झालं? मी परवा एका बाईंना अर्धा तास फ्रिज दुरुस्त करायला लावला, आणि शेवटी तो फ्रिज नव्हताच, पाणी तापवायचा बंब होता.”

नवऱ्याला हसू आवरलं नाही. वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली.

“तुझं तसं चालतं,” ती म्हणाली. “माझं नाही चालत. तुला लिहायचं तर तू लिही. मला काय.”

दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन आपलं कार्ड काढून घेऊन आली. काकांनी अडवायचा प्रयत्न केला. पिवळा नसलेले आणखी काही अंक परत आले होते आणि ते त्यांनी काउंटरखाली ठेवले होते. “अहो, ते वाचून एक जण खास तसलाच अंक मागायला आला होता,” ते म्हणाले. पण वहिनीने टाचण्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या. मांडणीत डोळ्यांच्या उंचीवर मोकळी जागा राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगरी तिच्यासमोर एक कार्ड घेऊन उभी राहिली. उभी म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर.

“तू म्हणालीस म्हणून लिहिलं. उद्या काकांना द्यायचंय. आधी वाच, आणि आवडलं नाही तर फाडून टाक. शपथ, मी काही बोलणार नाही.”

आणि चक्क खोलीतून निघून गेली.

वहिनीने कार्ड वाचलं. ‘आमच्या घरी या अंकाच्या दोन प्रती आहेत. एक माझी आणि एक माझ्या वहिनीची. माझ्या प्रतीत सोनसळीची ताकद जाते आणि ती रडते. वहिनीच्या प्रतीत ताकद जाते आणि पिवळा रंगच जातो, कारण छापखान्यात कुणाचं तरी लक्ष नव्हतं. माझी प्रत बरोबर आहे. चांगली वहिनीची आहे. कंपनीला विनंती की पुढच्या वेळी चूक करायची असेल तर सगळ्यांच्याच प्रतींत करावी, एकट्या वहिनीचे लाड नकोत.’ असं बरंच काही. घाईघाईचं, ठसकेबाज, आणि वाचताना हसता हसता मध्येच डोळे पुसावे लागतील असं. वहिनीने दोन बाजू भरून जे लिहिलं होतं ते सगळं यात होतं आणि शिवाय हसूही होतं. तिने पाहिलेलं, तिचं स्वतःचं, भिंगरीच्या तोंडी जाऊन जास्त छान झालं होतं. तिच्या मनात आलं, फाडावं. नुसतं दोन बोटांचं काम होतं.

मग तिला ते वाक्य दिसलं. ‘सगळे रंग आजारी पडले, फक्त सोनसळीच्या जखमेतलं रक्त तेवढं लाल राहिलं.’

वाक्य झोकदार होतं आणि चूक होतं. त्या प्रतीत लाल कुठेच नव्हता, असणं शक्य नव्हतं. रक्त गुलाबी होतं. भिंगरीने ते नीट पाहिलं नव्हतं, तिला ते लाल असायला हवं होतं म्हणून लिहून टाकलं होतं. कॉमिक्सचे वाचक कसली खुसपटं काढतात हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः त्यातलीच. हे कार्ड छापून आलं असतं तर काउंटराखालचे अंक उघडून लोक भिंगरीवर तुटून पडले असते. म्हणजे फाडायची गरजच नव्हती. ‘छान आहे’ म्हणून परत द्यायचं. आपण काही केलंच नाही, आणि तरीही सगळं झालं.

कार्ड हातात घेऊन ती बसून राहिली. बाहेर भिंगरी दादाला कुठल्या तरी फ्रिजची गोष्ट सांगत होती. वहिनीने कार्ड टेबलावर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. ‘लाल राहिलं’ या दोन शब्दांवरून तिची नजर हटेना. भिंगरीची कीव आली असं नाही. पण एक चुकीची पट्टी बरोबर म्हणून तिच्या हातून पुढे जाणार होती, आणि असं तिने आजवर कधी होऊ दिलं नव्हतं. एकदाच झालं होतं, आणि त्याची शरम अजून ताजी होती.

“भिंगरे!” तिने हाक मारली. “इकडे ये. हे खोड.”

“काय? फाडलंस?”

“फाडलं नाही. रक्त लाल राहिलं नव्हतं. ही प्रत घे, बघ. नीट बघ. काय दिसतं?”

भिंगरीने नाक पानाला लावलं. “गुलाबी की गं! मग मला लाल का आठवलं?”

“कारण तू बघत नाहीस, बोलतेस.” मग पेन्सिल घेऊन तिने समासात लिहिलं, आणि लिहिताना पुटपुटली, “तुझ्यासाठी नाही करत. लाल रंगासाठी करतेय.”

“लाल रंगाचे आभार,” भिंगरी म्हणाली.

पंचाहत्तरावा अंक आला तेव्हा मागच्या कव्हराच्या आत भिंगरीचं पान होतं. नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर ते मोठ्याने वाचायला घेतलं. ‘वहिनीचे लाड’ला तो हसला, छापखान्याच्या वाक्याला हसला. वहिनी पाणी पीत राहिली. मग तो एका जागी थांबला आणि हळू वाचायला लागला:

“‘छपाईत लाल हा एकटा रंग नाही, त्याच्या पोटात पिवळा असतो. पिवळा गेला की उरतो तो गुलाबी. म्हणून सोनसळीची जखमही गुलाबी दिसते, लहान मुलाच्या फुटलेल्या गुडघ्यासारखी, आणि तेव्हा कळतं की ही एवढीशी मुलगी आहे.’” त्याने पान खाली ठेवलं. घास हातातच राहिला. “भिंगरे, हे फार सुंदर लिहिलंयस.”

वहिनीने पेला ओठांपासून काढला नाही.

“ते माझं नाही, वहिनीचं आहे,” भिंगरी तोंडातला घासही न गिळता म्हणाली. “मला एवढं कुठलं सुचायला? मी तर लाल लिहिलं होतं. मीठ दे.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला हव्या असलेल्या नजरेने पाहिलं. आणि वहिनीला तेव्हा नजरेपेक्षा दुसरंच काही खुपलं. किती सहज म्हणाली ही. मीठ मागता मागता. असं वाक्य आपल्या नावावर छापून आलं असतं आणि ते भिंगरीचं असतं, तर आपण असं पटकन बोललो असतो का? तिने स्वतःला खरं उत्तर दिलं आणि मिठाची बरणी जरा जोरातच पुढे सरकवली. विनोदाचा हेवा तिने सोसला होता, पानाचाही सोसला होता. हा नवा हेवा बराच टिकेल असं दिसत होतं.

पुढच्या महिन्यात ती दुकानात गेली तेव्हा काकांनी शहाहत्तरावा अंक काढला आणि विचारलं, “ताई, एक की दोन?”

“दोन,” वहिनी म्हणाली.

या वेळी तिने एकही प्रत पिशवीत दडवली नाही. दोन्ही काउंटरवर शेजारीशेजारी उघडल्या, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पिवळा तपासला. तिच्यामागे उभे असलेले लोक ताटकळले, काका गालात हसत राहिले.

दोन्हींत पिवळा पुरेपूर होता. वहिनीला जरा वाईटच वाटलं.